नरक्याच्या ऊतिसंवर्धनातून कॅम्प्टोथेसिननिर्मिती

नरक्या (शास्त्रीय नाव: नोथापोडायटिस निम्मोनियाना, जुनी नावे: नोथापोडायटिस फेटिडा, मॅपिया फेटिडा) या पश्चिम घाटातील वृक्षाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांपासून कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड मिळवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीपासून होत आहेत. हे द्रव्य कर्करोगावरील औषधांचा मूळ घटक आहे. झाड न तोडता ते मिळावे हा या संशोधनाचा हेतू असून पेशींमधील त्याचे अल्प प्रमाण वाढवणे ही त्यातील मुख्य समस्या आहे.

पार्श्वभूमी

मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. हेच द्रव्य नरक्यातही असल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवले. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराच्या कार्यात ते अडथळा आणते. मूळ द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही व विषारीही आहे. त्यामुळे त्यापासून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही अर्धसंश्लेषित औषधे तयार करण्यात आली. दोन्ही औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

नरक्याच्या खोडात व मुळांत कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण वाळलेल्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असते. साहजिकच थोड्या औषधासाठी पुष्कळ लाकूड लागते. मागणी वाढल्यावर सह्याद्रीत या झाडाची बेसुमार तोड झाली. मुळेही खणून काढली गेल्याने खोडाला पुन्हा फुटवा येण्याची शक्यता उरली नाही.

पद्धत

महाराष्ट्रात ऊतिसंवर्धन हा शब्द प्रामुख्याने केळीच्या रोपांमुळे परिचित आहे. तेथे एका उत्तम झाडापासून एकसारखी रोपे तयार केली जातात. औषधी द्रव्याच्या निर्मितीत मात्र रोप तयार होणे आवश्यक नसते. पानाचा, खोडाचा किंवा बीजातील भ्रूणाचा तुकडा निर्जंतुक करून मुराशिगे व स्कूग यांनी १९६२ मध्ये सुचवलेल्या माध्यमासारख्या पोषक माध्यमावर ठेवतात. ऑक्सिन व सायटोकायनिन या संप्रेरकांच्या प्रभावाने त्यातून अविभेदित पेशींचा पुंजका, म्हणजेच कॅलस, तयार होतो. तो द्रव माध्यमात सतत हलवत ठेवल्यास निलंबित पेशींचे संवर्धन मिळते व ते मोठ्या टाकीत वाढवता येते.

उत्पादनवाढीचे उपाय

वेगाने विभागणाऱ्या पेशी आपली साखर प्रामुख्याने वाढीसाठी खर्च करतात. संरक्षक द्रव्ये सहसा वाढ मंदावल्यावर किंवा पेशींना विशिष्ट रूप आल्यावर साठतात. म्हणून पुढील उपाय योजले जातात:

द्विस्तरीय संवर्धन: आधी वाढीच्या व नंतर निर्मितीच्या माध्यमात पेशी ठेवणे. जपानमध्ये १९८३ च्या सुमारास शिकोनिन या द्रव्याचे व्यापारी उत्पादन याच तत्त्वावर सुरू झाले.

उद्दीपके: मिथाइल जॅस्मोनेट, सॅलिसिलिक आम्ल, कायटोसन किंवा यीस्टचा अर्क दिल्यास पेशींना कीड वा रोगाचा हल्ला झाल्याचा संकेत मिळतो व संरक्षक द्रव्यांची निर्मिती वाढू शकते.

पूर्वद्रव्ये: कॅम्प्टोथेसिनच्या जैवसंश्लेषणाची एक शाखा ट्रिप्टोफॅनपासून निघते, त्यामुळे ट्रिप्टोफॅन किंवा ट्रिप्टामिन माध्यमात मिसळून पाहतात.

केसाळ मुळे: ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस या जिवाणूच्या साहाय्याने संप्रेरकांविना झपाट्याने वाढणारी मुळे मिळतात. ऑफिओऱ्हायझा प्युमिला या वनस्पतीची अशी मुळे कॅम्प्टोथेसिन माध्यमात सोडतात. ते राळेच्या कणांवर शोषून घेतल्यास मुळे न तोडता गोळा करता येते.

महाराष्ट्रातील संशोधन

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रोजा व हेबळे यांनी नरक्याचे ऊतिसंवर्धन व पूर्ण वाढलेली झाडे यांतील कॅम्प्टोथेसिन आणि ९-मेथॉक्सिकॅम्प्टोथेसिन यांविषयीचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच केंद्रातून २००१ मध्ये निलंबित पेशींच्या संवर्धनावरील काम प्रकाशित झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००३ मध्ये माध्यमाच्या घटकांचा कॅलसनिर्मितीवर व कॅम्प्टोथेसिनच्या साठ्यावर होणारा परिणाम मांडला.

मर्यादा

पेशींमधील प्रमाण सामान्यतः झाडातील प्रमाणापेक्षा बरेच कमी भरते. वारंवार उपसंवर्धन केल्यावर काही पेशीवंशांची निर्मितीक्षमता घटते. जंतुसंसर्ग झाल्यास संपूर्ण टाकी वाया जाते, तसेच माध्यम, वीज व निर्जंतुकीकरण यांचा खर्च मोठा असतो. त्यामुळे पेशीसंवर्धनाला जोडून लागवड व नैसर्गिक अधिवासातील संवर्धन हे मार्गही आवश्यक ठरतात. पेशींचे उत्पादन परवडण्याजोगे होईपर्यंत सह्याद्रीतील उरलेली झाडे राखणे महत्त्वाचे आहे, कारण अधिक द्रव्य देणारे पेशीवंश निवडण्यासाठी लागणारी जनुकीय विविधता या झाडांतच आहे.