घड्याळाच्या नावाचे धान

इतिहास म्हटला की आपणांस राजे आणि लढायाच आठवतात. धानाच्या लोंबीसही इतिहास असतो, हे सहसा ध्यानी येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे (मराठवाड्यातील शहर ते निराळे). तेथील दीड एकराचे शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे ह्यांस १९८३ साली ‘पटेल-३’ जातीच्या पिकात तीन पिवळसर, वेगळ्या लोंब्या आढळल्या. त्यांचे दाणे त्यांनी निराळे राखून पेरले आणि हा निवडीचा क्रम वर्षानुवर्षे चालविला. धानाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून अशी निवड धीराने केल्यास वाण स्थिरावतो. धीर मात्र थोडक्यांजवळ असतो! तांदूळ बारीक निघाला, आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्यास ‘एचएमटी’ हे नाव पडले. पुढे कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले, आणि १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसृत झाला. त्या नावात विद्यापीठ आले, घड्याळ आले, दादाजी आले नाहीत. दादाजी २०१८ च्या जूनमध्ये वारले. त्यांनी निवडलेल्या दुसऱ्या एका वाणाचे नाव ‘डीआरके’ आहे. ती त्यांच्याच नावाची आद्याक्षरे.