राजनांदगावच्या वाटेवरील सहप्रवासी
निवृत्त मेथॉडिस्ट पाळकांच्या सेवेचे स्मरण

हथखोजच्या कारखान्यांमागून जाणाऱ्या मालगाड्यांचा आवाज आपल्या शाळेच्या अनेक पिढ्यांनी ऐकला आहे. विदर्भातून भिलाईस आलेली मराठी कुटुंबे याच लोहमार्गाने आली. नागपूर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही स्थानकांची माळ आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक महत्त्वाची भेट याच वाटेवर घडली, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

१८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक कामाच्या शोधात नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. डब्यात त्यांना एक गोरे गृहस्थ भेटले. बोलणे काव्यावरून धर्माकडे वळले. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत दिली, आणि हे पुस्तक वाचाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे घरावर कोसळलेले वादळ लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून मराठी वाचकांना परिचित आहे. टिळकांच्या निर्णयाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या निर्णयातून मराठीला मिळालेली कविता आणि ‘स्मृतिचित्रे’ ही आपल्या सर्वांचीच ठेव आहे.

डब्यातील ते गृहस्थ बराच काळ केवळ एक अनोळखी सहप्रवासी राहिले. पुढे चरित्रकारांनी त्यांची ओळख नोंदविली : फ्री मेथॉडिस्ट पंथाचे पाळक अर्नेस्ट वॉर्ड. १८८१ मध्ये ते पत्नी फीबी यांच्यासह अमेरिकेहून भारतात आले आणि येथे काम करू लागले. यवतमाळ हे पुढे त्या पंथाच्या कार्याचे केंद्र झाले. यवतमाळजवळील उमरीचे मिशन रुग्णालय त्याच परंपरेतील होय. वॉर्ड यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग या भूमीत गेला. तरीही मराठी वाचकाच्या स्मरणात ते उरले आहेत ते रेल्वेतील त्या एका भेटीपुरतेच.

पाळकाच्या जीवनाचा स्वभावच असा आहे. मेथॉडिस्ट परंपरेत पाळक एका गावाचा नसतो. जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात प्रचारकांना ठरावीक फेऱ्यांवर पाठविण्याची पद्धत घातली, आणि बदली हा सेवेचा नियम झाला. वार्षिक परिषदेत नेमणुका वाचून दाखविल्या जातात आणि त्याप्रमाणे बिऱ्हाड हलते. राहते घर मंडळीचे असते. सेवा संपली की ते पुढच्या पाळकासाठी रिकामे करायचे असते. वृद्ध आणि थकलेल्या प्रचारकांचे पुढे काय, हा प्रश्न वेस्ली यांच्या काळातच उभा राहिला आणि १७६३ मध्ये त्यांच्यासाठी एक निधी स्थापन झाला. वर्षभरात आपल्यापैकी कोण निवर्तले, हा प्रश्न परिषदेत विचारण्याची आणि त्यांच्या सेवेची नोंद इतिवृत्तात घेण्याची प्रथाही पडली. ज्याला स्वतःचे गाव उरले नाही, त्याला निदान त्या नोंदीत जागा मिळावी, असा तिचा अर्थ आहे.

काहींनी तर निवृत्ती घेतलीच नाही. जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये मुंबईस आले, मराठी शिकले, मिशनचे वेतन नाकारून अत्यंत साधेपणाने राहिले. ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र त्यांनी दीर्घकाळ चालविले. विल्यम टेलर यांच्या मुंबईतील कार्यानंतर ते मेथॉडिस्ट मंडळीत आले आणि १८८८ मध्ये मुंबईतच निवर्तले. चाळीस वर्षांत ते मायदेशी परतले नाहीत. मुंबईतील बोवेन मेमोरियल चर्च त्यांचे नाव जपून आहे.

टिळक स्वतः मेथॉडिस्ट नव्हते. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी सेवा केली आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला व ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ९ मे १९१९ रोजी ते गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. पाळकाच्या सेवेत त्याच्या पत्नीचा वाटा किती मोठा असतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. नोंदवह्यांमध्ये मात्र बहुधा एकच नाव लिहिलेले असते.

भिलाईकरांना हे सारे परके वाटू नये. पोलाद कारखान्यातील नोकरी संपली की क्वार्टर सोडावे लागते. अंगणातील आंबा, तुळशीवृंदावन, शेजार, सारे मागे राहते. ज्यांनी आपल्याला बाराखडी शिकविली ते शिक्षक आज कोठे असतील, हा प्रश्न या हीरक महोत्सवी वर्षात अनेक माजी विद्यार्थ्यांच्या मनात आला असेल. निवृत्त पाळक, निवृत्त गुरुजी, निवृत्त कामगार यांची गोष्ट या बाबतीत सारखीच आहे : पेरलेल्याचे पीक त्यांना क्वचितच पाहावयास मिळते.

वॉर्ड यांचे नाव कोणीतरी शोधून लिहून ठेवले म्हणून आज आपण ते घेऊ शकतो. आपल्या आसपास असे वृद्ध सेवक असतील, मग ते कोणत्याही धर्माचे वा पेशाचे असोत, तर एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसावे, त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, आणि त्यांच्या पत्नीचे नावही त्या पानावर विसरू नये. हे काम त्यांच्या हयातीतच झालेले बरे.