मधली भिंत

किल्लारीकडं आमच्या भागात भिंत म्हणजे दगड-मातीची, दोन-तीन फूट रुंद, वर मातीचं जड माळवद. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे याच भिंतींनी माणसं गाडली. पुढं नव्या गावठाणात जमिनीच्या मानानं घरं मिळाली. 250, 400, नाहीतर 750 चौरस फूट. आमच्या घराला खाली सिमेंटचा कोबा.

पोरांची लग्नं झाली आणि घरोघर त्या कोब्यावर मधली भिंत आली. कोबा फोडून पाया कोण खणणार? म्हणून वजन कमी, चार इंची विटेची. गवंडी कोबा छिन्नीनं टोचून खरबरीत करायचा, धुवायचा, सिमेंटचं पातळ पाणी मारायचा, मग दोरी लावून भिजवलेल्या विटांचा पहिला थर. हे सगळं ठीक, पण म्हाताऱ्या बाया विचारायच्या, "ही पडली तर कुणाच्या अंगावर रं?" मग काही थरांनंतर आडवी सळई घालून टोकं बाहेरच्या भिंतीत गुंतवायची. (सळईला पैसे मोजताना कुणी कुरकुरलं नाही, हे विशेष.)

तरी आमच्या आईनं भिंत छातीच्या वर जाऊ दिली नाही. वर लुगड्याचा पडदा. चुली दोन झाल्या, बल्ब एकच राहिला.