पोरगं हाताबाहेर गेलं म्हणून केंद्रात टाकताय? आधी हे नियम माहीत करून घ्या

दसरा-दिवाळी झाली की आपल्या पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर जातात. मागे आजीजवळ राहिलेलं पोरगं नववी-दहावीत शाळा सोडतं, गुटख्यावरून दारूवर जातं, नाहीतर पंक्चरच्या सोल्युशनचा वास घेत बसतं. मग आई-बाप वैतागून म्हणतात, याला कुठंतरी टाका. पण १८ वर्षांखालच्या मुलाला असं कुठंही 'टाकता' येत नाही. त्याचा कायदा ठरलेला आहे.

आमच्या भावकीतल्या १६ वर्षांच्या मुलाला घरच्यांनी एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. ॲडव्हान्स पैसे घेतले, डॉक्टर कोणी दिसला नाही. मोठ्या दारुड्या माणसांबरोबर एकाच हॉलमध्ये त्याला झोपवायचे. दीड महिना फोनवर बोलू दिलं नाही. बाप भेटायला गेला तेव्हा पोराच्या घोट्यावर साखळीचे वळ होते. नोंदणीचा कागद आधी बघायचा असतो हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. मी बातम्या लिहितो, मलासुद्धा नव्हतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जच्या सेवनातून होणारे मनाचे आजार धरले आहेत. म्हणून असे रुग्ण राहून उपचार घेतात त्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. दारावरची 'व्यसनमुक्ती' ही पाटी म्हणजे नोंदणी नव्हे. प्रमाणपत्र दाखवा म्हणायचं, आणि टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरायचं. रुग्णाला साखळीने बांधायला याच कायद्यात सक्त मनाई आहे, मग तो कितीही दंगा करो.

भरती कशी होते?

अल्पवयीन मुलाच्या भरतीची तरतूद कलम ८७ मध्ये आहे. अर्ज पालकाने करायचा. कायद्याने पालक म्हणजे आई-वडील, त्यामुळे आजी, चुलता किंवा मुकादम यांची सही चालत नाही. त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोन जणांनी मुलाला वेगवेगळं तपासलेलं असावं लागतं. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. दुसरा मानसोपचारतज्ज्ञ, मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा साधा डॉक्टर चालतो. आजार भरती करण्याइतका गंभीर आहे, भरती मुलाच्या हिताची आहे आणि घरी राहून उपचार जमले नाहीत किंवा जमणारच नाहीत, असं दोघांचंही मत पडलं पाहिजे. मुलाला काय वाटतं तेही विचारात घ्यावं लागतं. शाळा बुडवतो, उलट बोलतो, मोबाइल सोडत नाही, एवढ्यावर भरती होत नाही.

खरी अडचण पुढे आहे. मूल भरती असेपर्यंत पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने पूर्णवेळ सोबत राहायचं असतं. मुलगी असेल आणि पालक म्हणून वडील असतील तर सोबत बाईच हवी. उचल घेतलेल्या माणसाने कोयता टाकून महिनाभर दवाखान्यात बसायचं कसं? यावर मला दिसतो तो मार्ग असा, की आई किंवा वडिलांनी एक दिवस येऊन सही करायची आणि आजीला सोबतीला नेमायचं. 'माणूस लागत नाही, पोराला सोडून जा' असं जे केंद्र म्हणतं, तिथं तर सोडूच नका.

मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवणं बंधनकारक आहे. भरती झाल्यावर ७२ तासांत केंद्राने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं असतं. मुक्काम ३० दिवसांवर गेला तर पुन्हा कळवायचं, मग मंडळ सात दिवसांत तपासणी करतं. पालकाने भरतीला दिलेली संमती मागे घेतली तर मुलाला सोडावंच लागतं. सहा महिन्यांचं पॅकेज ठरलंय, मध्ये सोडता येणार नाही, ही भाषा कायद्यात कुठेच नाही.

'रिमांड होमात घालतो' अशी धमकी आपल्याकडे सर्रास देतात. तेही पालकाच्या हातात नाही. गुन्हा घडला असेल तर बाल न्याय मंडळ, आणि मुलाला सांभाळणारं कोणी नसेल तर बालकल्याण समिती निर्णय घेते. समितीला व्यसनी मुलाला उपचारासाठी पाठवण्याचाही अधिकार आहे. आणि पोराला दारू, तंबाखू देणाऱ्या टपरीवाल्याचं काय? बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ प्रमाणे त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या गावात असा गुन्हा दाखल झालेला मी तरी पाहिला नाही.

सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागातून करा. बऱ्याच पोरांना गोळ्या आणि समुपदेशन पुरतं, भरतीची वेळच येत नाही. रोज पिणारा मुलगा असेल तर घरी कोंडून दारू एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. सरळ दवाखान्यात न्या. आपल्या जिल्ह्याला जवळचं सरकारी मनोरुग्णालय म्हणजे येरवडा. फोनवर सल्ला हवा असेल तर टेली मानस १४४१६, व्यसनासाठी १४४४६ आणि मुलाला मारहाण किंवा डांबून ठेवलं असेल तर १०९८. हे तिन्ही नंबर फुकट आहेत.

येताना डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी मागून घ्या, पुढच्या तारखेला तीच लागते. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. आमच्या भावकीतल्या त्या पोराने यंदा तोच फॉर्म भरलाय.