सिरिंज-अवशेष विश्लेषण

वापरून टाकलेल्या सिरिंजांमधील अवशेष प्रयोगशाळेत तपासून एखाद्या शहरात कोणते अंमली पदार्थ टोचून घेतले जात आहेत, हे ओळखण्याची पद्धत. टोचून घेणाऱ्याला विचारले तर तो विक्रेत्याने सांगितलेले नाव सांगतो. पुडीत खरोखर काय होते, हे बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसते. सांडपाण्याच्या तपासणीतून शहरातल्या एकूण वापराचा अंदाज येतो, पण पदार्थ ओढला, गिळला की टोचला, हे कळत नाही. सिरिंज दोन्ही गोष्टी सांगते.

जुन्या सुया घेऊन निर्जंतुक सुया मोफत देणाऱ्या केंद्रांतील डब्यांमधून नमुने निवडतात. दट्ट्या पूर्ण दाबला तरी नळीच्या टोकाशी आणि सुईत थेंबभर द्रव राहतो. कधी त्यात रक्ताची तांबूस रेघ असते. हा थेंब मेथॅनॉलसारख्या द्रावकाने धुऊन काढतात आणि क्रोमॅटोग्राफी व वस्तुमान-वर्णपटमापन यांनी त्यातले घटक ओळखतात. हेरॉइनसोबत त्यात मिसळलेले कॅफीन आणि पॅरासिटामॉलही सापडते. सुई टोचून संसर्ग होण्याचा धोका असल्याने हे काम जपून करावे लागते.

लिस्बन येथील युरोपीय अंमली पदार्थ निरीक्षण केंद्राने २०१७ मध्ये ‘एस्केप’ प्रकल्प सुरू केला. पहिल्या फेरीत ॲम्स्टरडॅम, बुडापेस्ट, ग्लासगो, हेलसिंकी, लोझान व पॅरिस या ६ शहरांतील १,२८८ सिरिंजा तपासल्या गेल्या. शहरागणिक चित्र निराळे निघाले. ग्लासगोत हेरॉइनच्या जोडीला कोकेन होते, तर हेलसिंकीत ब्युप्रेनॉर्फिन व ॲम्फेटामिन. ब्युप्रेनॉर्फिन हे अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर दिले जाणारे औषध. बुडापेस्टमध्ये कृत्रिम कॅथिनोन मोठ्या प्रमाणावर आढळले. पुढे व्हिल्नियसच्या सिरिंजांत हत्तीसारख्या प्राण्यांना गुंगी आणण्यासाठी वापरले जाणारे कारफेंटानिल सापडले. त्याची अतिसूक्ष्म मात्राही माणसाचा श्वास थांबवू शकते, म्हणून अशी नोंद वेळेवर हाती येणे जीवनमरणाचा प्रश्न ठरते.

उत्तेजकांची नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. कोकेन व कॅथिनोनचा अंमल लवकर उतरतो, त्यामुळे माणूस दिवसातून अनेकदा टोचतो. तेवढ्या नव्या सुया मिळाल्या नाहीत, तर सुया पुन्हा वापरल्या जातात किंवा एकच सुई अनेकांत फिरते आणि एचआयव्ही व हिपॅटायटिस ‘सी’ पसरतो. सुया देणाऱ्या केंद्राने रोज किती सुया ठेवायच्या, हे ठरवायला अशी माहिती थेट उपयोगी पडते.

या पद्धतीने किती लोक टोचून घेतात, हे मात्र मोजता येत नाही. एका सिरिंजेत दोन पदार्थ मिळाले, तर ते एकत्र घेतले की तीच सिरिंज दोनदा वापरली, हेही सांगता येत नाही. केंद्रावर न येणाऱ्यांच्या सुया या तपासणीबाहेरच राहतात. नमुन्याला केंद्र आणि तारीख जोडतात, माणसाचे नाव जोडत नाहीत. हा नियम काटेकोर पाळायलाच हवा, कारण पकडले जाण्याची भीती वाटली तर सिरिंज डब्यात पडत नाही, गटारात किंवा झुडपात जाते.