महाराष्ट्रात येण्यापूर्वीच्या पंडिता रमाबाई

स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या पुस्तकांत 'सामाजिक सुधारणा' नावाचे एक प्रकरण असते, आणि त्यात पंडिता रमाबाईंच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते : शारदा सदन, मुंबई, १८८९. ओळ खरी आहे, आणि तेवढ्यावर गुणही मिळतात. परंतु तिच्यामागे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात अढळ स्थान मिळविलेली ही विदुषी महाराष्ट्रात घडलेली नव्हती. १८८२ साली वर्षभराच्या मुलीस घेऊन ती पुण्यास राहावयास आली, तेव्हा तिचे शिक्षण, कीर्ती, विवाह आणि वैधव्य ही सारी प्रकरणे महाराष्ट्राबाहेरच घडून गेली होती. परप्रांती राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना तरी ही पूर्वकथा ठाऊक असावयास हवी.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कानडी मुलखात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातील. विद्यार्थिदशेत ते पुण्यास असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या राणीस संस्कृत शिकवीत. एका स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक ऐकून शास्त्रीबुवांनी मनाशी निश्चय केला की, आपल्या पत्नीसही ही विद्या द्यावयाची. पुढे त्यांनी तो खरा केला. त्याबद्दल धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला, तेव्हा शास्त्राधारे त्यांनी आपली बाजू मांडली. रमाबाईंना संस्कृतचे पाठ मिळाले ते आई लक्ष्मीबाईंकडून. सुधारणा म्हणजे इंग्रजी विद्येचे फळ, असे आपण सरसकट म्हणतो. या घरात मात्र इंग्रजीचा वाराही शिरलेला नव्हता.

पुढे घरची संपत्ती ओसरली आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते कायमचेच. देवळांतून पुराणे सांगावीत, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी. या भटकंतीत रमाबाईंना कानडी आणि हिंदुस्थानी या भाषा अवगत झाल्या. घरात मात्र मराठीच बोलली जाई. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरली दोघे, रमा आणि भाऊ श्रीनिवास. उपाशीपोटी, बहुतांशी पायी, हजारो मैल तुडवीत ही भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली.

कलकत्त्याने या मराठी मुलीचे जे केले, ते कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. तेथील पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. जिच्यामागे ना घर, ना संस्थान, ना कोणा बड्याची शिफारस, अशा विशीतल्या मुलीच्या विद्वत्तेची ही पारख होती. केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेदाची प्रत ठेवली, तेव्हा स्त्रियांना वेदाधिकार नाही, असे तीच म्हणाली! पण पुढे तिने उपनिषदे वाचावयास घेतली, आणि ज्या शास्त्रांवर ती प्रवचने करी त्यांनाच प्रश्न विचारू लागली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी तिने सिल्हेटकडील कायस्थ वकील बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले, आणि मुलगी मनोरमा हिला घेऊन ती पुण्यास आली.

पुण्याने प्रथम स्वागत केले. रानडे-भांडारकरांच्या साहाय्याने आर्य महिला समाज स्थापन झाला. हंटर आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली ती मराठीत. स्त्रियांसाठी स्त्री-वैद्य हव्यात, ही मागणी त्यांनी तेथे केली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे ख्रिस्ती झाल्या. मग मात्र पुण्याचा सूर पालटला. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, पण असे आवाज थोडे. सदन पुण्यास हलविल्यावर मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून 'केसरी'ने कडाडून टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्या लेकी परधर्मात जातील ही पालकांची भीती निराधार होती, असे म्हणता येत नाही, कारण सदन धर्माबाबत तटस्थ राहील या भरवशावर ते उभे राहिले होते. पण त्या बालविधवांसाठी दुसरे दार तेव्हा कोणते उघडे होते, याचे उत्तर टीकाकारांपाशी नव्हते. त्याच वर्षी सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. दुसरे दार उघडले ते असे. या दोन संस्थांमधला हा धागा परीक्षेच्या पुस्तकांत क्वचितच दिसतो. तेथे दोन्ही नावे दोन निराळ्या ओळींत असतात.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रियांना पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे घेऊन आल्या. आईबापांना दुष्काळात गमावलेल्या बाईने हे केले, यात मला नवल वाटत नाही. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. 'सरस्वती' ही पदवी मिरविलेल्या या पंडितेने त्यासाठी संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. न शिकलेल्या खेडवळ बाईलाही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. मनोरमा १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले, तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते. छापखाना सदनाचाच होता, आणि तेथे खिळे जुळवीत ते आश्रयाला आलेल्या बायकांचेच हात.