वर्षावास : अर्थ आणि आचरण

आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ. आषाढ पौर्णिमेलाच तथागतांनी सारनाथला पाच परिव्राजकांना पहिले धम्मप्रवचन दिले.

नियम का झाला? पावसात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत तुडवले जाते, लहान जीव मरतात, अशी लोकांची तक्रार होती. तथागतांनी ती ऐकली आणि भिक्खूंना पावसाळ्यात एकाच ठिकाणी राहण्यास सांगितले, असे विनयपिटकात आहे. शहापूर-मुरबाडमध्ये त्या दिवसांत भाताची लावणी चालते. लावलेल्या शेतातून वाट काढू नये, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही.

उपासकांनी काय करावे? वर्षावास म्हणजे चातुर्मासाचे उपवास नव्हेत. रोज त्रिशरण-पंचशील घ्यावे, पौर्णिमेला उपोसथ पाळावा आणि विहारात ग्रंथवाचन करावे. महाराष्ट्रात प्रामुख्याने बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झाला. मात्र एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचे, एवढ्याने ती पोथी होते. रोज थोडेच वाचू, पण प्रश्न विचारू.

समाप्ती कशी करावी? वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणा करतात. ‘माझे चुकलेले कुणी पाहिले, ऐकले किंवा तशी शंका असेल तर सांगावे,’ अशी विनंती प्रत्येक जण संघाला करतो. आपण समाप्तीला भोजनदान आणि सत्कार करतो. त्याच दिवशी मंडळाचा हिशेब मांडू, महिला आणि तरुणांच्या तक्रारी ऐकू. तीच आपली पवारणा.

नमो बुद्धाय, जय भीम!